बटाटाही श्वास घेतो

मागच्या उन्हाळ्यात लातूरहून अक्काचा फोन आला. "तू जरा समजाव गं तिला. तुझं ऐकते ती."

ती म्हणजे माझी भाची. एम.एस्सी.साठी दोन वर्षं नांदेडला माझ्याच घरी राहिलेली. लातूरचं लेकरू, तेव्हा बारावीला रात्रंदिवस शिकवण्या आल्याच. मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकला, म्हणून बी.एस्सी. केलं. आणि आता पुण्याच्या एका संस्थेत पीएच.डी.साठी निवड झालेली. चांगली पाच वर्षं! त्यातच एक उत्तम स्थळ सांगून आलं होतं. मुलाकडच्यांची अट एकच, पुढचं शिक्षण नको.

मैत्रिणींनो, अशा वेळी मावशीनं काय करावं? मी काय केलं ते सांगते. मी सरळ मुलाकडच्यांची बाजू घेतली.

ती पोळ्या लाटत होती. मी विचारलं, "पाच वर्षं करणार तरी काय आहेस?"

"यीस्टवर काम, मावशी."

"पाव फुगवतात ते?" मला हसूच आलं.

ती रागावली नाही. म्हणाली, "आपल्या पेशींत मायटोकाँड्रिया नावाचे बारीक भाग असतात. चूलच समज ना. खाल्लेलं अन्न श्वासातल्या प्राणवायूवर तिथं जळतं आणि शक्ती मिळते. या चुलीत थोडी वेगळी आनुवंशिकताही असते, आणि ती आपल्याला आईकडूनच मिळते. तिच्यात दोष असला, तर कुणाचे स्नायू दुबळे होतात, कुणाची दृष्टी जाते."

"मग त्यात यीस्ट कुठं आलं?"

"माणसाची चूल बिघडवून बघता येत नाही ना! यीस्टचं तसं नाही. साखर असली, की श्वासाची चूल बंद पडली तरी ते नुसतं आंबवून जगतं. 1949 च्या सुमारास फ्रान्समध्ये एफ्रुसी नावाच्या शास्त्रज्ञानं असं यीस्ट अभ्यासलं. ते मरत नाही, पण त्याच्या वसाहती लहानच राहतात. त्यांचं नावच 'पेतीत', म्हणजे चिमुकली."

मरत नाही, पण लहानच राहते! माझा हात कणकेतच थांबला. बाई गं, माझी बी.एस्सी.ची प्रॅक्टिकलची वही अजून माळ्यावर आहे. लग्न ठरलं तेव्हा कुणी जबरदस्ती केली नव्हती. फक्त कुणी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही.

मग तिनं विचारलं, "दुर्गाबाई भागवत वाचल्यास ना? त्यांची सख्खी बहीण कमला, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, ठाऊक आहेत?"

मला ठाऊक नव्हत्या. तुम्हाला आहेत का? 1933 साली त्या मुंबईत बी.एस्सी. झाल्या आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी पहिलं वर्ष परीक्षेचं, या अटीवर प्रवेश मिळाला. त्यांचं काम बघून रामन यांचं मन बदललं आणि इतर मुलींसाठीही दार उघडलं.

पुढं त्या केंब्रिजला गेल्या. तिथं डेव्हिड कीलिन यांनी 1925 साली यीस्टमध्ये आणि प्राण्यांच्या स्नायूंत श्वसनाला लागणारं सायटोक्रोम दाखवून दिलं होतं. कमलाबाईंना त्यातलंच सायटोक्रोम सी बटाट्यात सापडलं. म्हणजे पावातलं यीस्ट, टोपलीतला बटाटा आणि तुम्ही-आम्ही, श्वासाची तऱ्हा एकच! 1939 साली डॉक्टरेट घेऊन त्या भारतात परतल्या. 1947 साली लग्न झालं, पण काम सुटलं नाही. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी डाळी आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केलं, विद्यार्थी घडवले आणि पुढं संस्थेच्या संचालकही झाल्या.

त्या रात्री मी अक्काला फोन लावला. "समजावलंस का?" तिनं विचारलं.

"हो, पण आता तुलाच समजवायला फोन केलाय."

खोटं कशाला सांगू? ते स्थळ गेलं. अक्का दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही. पोरीचं लग्न कधी होईल, कुणाशी होईल, मला सांगता येत नाही. त्याची काळजी मलाही आहेच. पण परवा पुण्याहून तिचा फोन आला, "मावशी, आज माझ्या प्लेटमध्ये पहिल्यांदा चिमुकल्या उगवल्या!" आवाजात असा आनंद, की मी अक्कालाही लगेच कळवलं. ती गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "जेवते का गं वेळेवर?"

तुमच्याही घरी एखादी मुलगी असं काही मागत असेल. हो-नाही पुढचं पुढं. आधी पोळ्या लाटता लाटता तिला एवढंच विचारा, "नेमकं काय करायचंय गं तुला?" आणि पूर्ण ऐकून घ्या.