मोटार आणि अंजिराचे झाड

धर्मग्रामाची मोटार ही मोठी विलक्षण मालमत्ता आहे. ती चालवतो एक, तिचे पेट्रोल भरते धर्मग्राम आणि तिच्याविषयीचे मत मात्र प्रत्येक घराला असते. मोटार नवी असली तर फादरांना एवढी मोटार कशाला, आणि जुनी असली तर आपल्या फादरांना ही शोभते का! दोन्ही प्रश्न प्रेमापोटीच विचारले जातात. यंदा नागपुरात आमच्या वाट्याला दुसरा प्रश्न आला. जुनी मोटार दुरुस्त करावी की बदलावी, हा पेच आज पुष्कळ कुटुंबांच्या अंगणात उभा आहे. म्हणून त्यासंबंधी आम्हांला जे उमगले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमची मोटार २००६ सालची, पेट्रोलवर चालणारी, लहानशी. ती धर्मग्रामाला भेट मिळालेली. आमच्या येथे येण्यापूर्वीची गोष्ट. एका घरातील वडील मध्यरात्री अत्यवस्थ झाले, परंतु वाहन न मिळाल्यामुळे धर्मगुरू पोहोचेपर्यंत त्यांचे प्राण गेले होते. आजाऱ्यांचा अभ्यंग त्यांना लाभला नाही. वर्षभराने त्या घराने ही मोटार दिली. तेव्हा तिच्याविषयी निर्णय घेताना केवळ पत्रा आणि इंजिन यांचाच विचार करून भागणार नव्हते.

प्रथम कायद्याविषयी. पंधरा वर्षे झाली की मोटार भंगारात द्यावीच लागते, असा एक समज सर्वत्र पसरला आहे. नागपूरचे खासदार व केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी यांच्या खात्याचे वाहन मोडीत काढण्याचे धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झाले, तेव्हापासून तो अधिकच दृढ झाला. वस्तुतः खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे वाहन तपासणीत योग्य ठरले तर ती पाच पाच वर्षांनी वाढवून मिळते. दिल्लीत न्यायालयीन आदेशांमुळे वेगळे निर्बंध आले, ते नागपूरला लागू नाहीत. मात्र नूतनीकरण आता स्वस्त राहिलेले नाही. पूर्वी मोटारीसाठी ६०० रुपये पडत. १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ही रक्कम १०,००० करण्यात आली. म्हणजे कायदा जुन्या मोटारीला हाकलून देत नाही, फक्त तिचे भाडे वाढवतो.

मग धर्मगुरूंच्या मोटारीचा आदर्श कोणता? जुलै २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तरुण सेमिनरीयन आणि नवदीक्षितांना सांगितले होते की, अगदी नव्या नमुन्याची मोटार घेऊन फिरणारे धर्मगुरू किंवा धर्मभगिनी पाहिल्या की आपल्याला दुःख होते. कामासाठी मोटार हवी, पण ती साधी असावी. त्यानंतर दोनच महिन्यांनी इटलीतील फादर रेन्झो झोक्का यांनी आपली १९८४ सालची रेनॉल्ट मोटार त्यांना भेट दिली. ती तोवर तीन लाख किलोमीटर धावली होती. याच्या उलट दुसरी गोष्ट. डिसेंबर १९६४ मध्ये युकॅरिस्टिक काँग्रेससाठी पोप सहावे पॉल मुंबईस आले होते. परत जाताना त्यांनी आपल्या वापरासाठी असलेली आलिशान पांढरी लिंकन मोटार मदर तेरेसांना दिली. मदरनी ती एक दिवसही वापरली नाही. तिची सोडत काढून आलेला पैसा त्यांनी कुष्ठरोग्यांच्या शांतिनगर वसाहतीसाठी वापरला. एक मोटार जपली गेली, कारण ती सेवा करीत होती. दुसरी मोडली गेली, कारण तिच्या पैशातून अधिक सेवा घडणार होती. जुनेपणा हा सद्गुण नव्हे आणि नवेपणा हे पाप नव्हे, एवढे यावरून ध्यानात येते.

आता हिशेबाकडे वळू. तीन वर्षांपूर्वी रेडिएटर, क्लच प्लेट आणि शॉकअप यांचे मिळून ३२,००० रुपयांचे काम निघाले. मोटार विकली असती तर फार तर ४०,००० आले असते. दुरुस्ती गाडीच्या किमतीजवळ गेली की गाडी काढावी, असा एक लोकप्रिय नियम आहे. विमा कंपन्याही अपघातग्रस्त मोटारीचा दुरुस्तीखर्च विम्याच्या मूल्याच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की ती पूर्ण नष्ट झाली असे धरतात. परंतु विमा कंपनी पैसे देऊन मोकळी होते. आपल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोटार लागते. म्हणून खरा प्रश्न असा की, याच ३२,००० रुपयांत दुसरी विश्वासाची मोटार मिळेल काय? सहा लाखांची नवी मोटार घेतली तर विम्याच्याच कोष्टकाप्रमाणे पहिल्या वर्षात तिचे मूल्य १५ टक्क्यांनी, म्हणजे ९०,००० रुपयांनी उतरते. त्यापुढे ३२,००० काहीच नव्हेत. आणखी एक गोष्ट. मागे किती पैसे घातले, याचा या हिशेबाशी संबंध नाही. ‘एवढे लावले, आता कशी सोडायची’ असे म्हणणारा माणूस गेलेल्या पैशांच्या पाठीमागे नवे पैसे धाडीत असतो.

तेव्हा दुरुस्तीच ठरली. परंतु त्या वेळी आम्हांला लूकच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायातले अंजिराचे झाड आठवले. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक ते तोडायला सांगतो आणि माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. आपण या दृष्टांतात देवाची सहनशीलता पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण माळ्याचे बोलणे नीट ऐकावे. तो मोघम सवलत मागत नाही. मुदत सांगतो, त्या मुदतीत आपण काय करणार तेही सांगतो. आळे खणीन, खत घालीन. आणि एवढे करूनही फळ आले नाही तर झाड तोडण्यास तो संमती देतो. दया आणि चालढकल यांतील भेद इथेच आहे.

म्हणून पॅरिश कौन्सिलच्या इतिवृत्तात आम्ही तीन अटी लिहून ठेवल्या. दर वर्षी मोटार वर उचलून खालून तपासायची. वर्षाची दुरुस्ती ४०,००० च्या वर जाऊ लागली तर थांबायचे. आणि रात्रीच्या बोलावण्यावर तिच्या भरवशाने निघता आले पाहिजे. कारण दिवसा मेट्रो आहे, ऑटो आहे, पण रात्री दोन वाजता मेयो किंवा मेडिकलमधून निरोप आला तर अंगणातली मोटारच कामी येते. या अटी शांतपणे, आधी लिहिल्या गेल्या हे बरे झाले. गाडी रस्त्यात उभी असताना घेतलेला निर्णय रागाचा असतो, आणि शोरूममध्ये घेतलेला मोहाचा.

तीन वर्षे मोटारीने उत्तम साथ दिली. यंदा मात्र मिस्त्रींनी तिला वर उचलले आणि हातातील पेचकस तळाच्या पत्र्याला लावला. तो सहज आत गेला. ते म्हणाले, “इंजिन चालते नं फादर अजून. पण खालून पत्रा गेला.” त्यांनी आम्हांला समजावून सांगितले ते असे. सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागला तर ऑइल जळत आहे, पिस्टनच्या रिंगा झिजल्या. ऑइल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, बहुधा हेड गॅस्केट गेले. हे आजार खर्चाचे, पण बरे होणारे. तळाचे मात्र तसे नाही. अशा लहान मोटारींना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळ, खांब आणि छप्पर मिळून एकच सांगाडा असतो. तोच सडला तर धडकेच्या वेळी आतल्या माणसांना आधार उरत नाही. नागपूरची हवा वसईसारखी खारी नाही, त्यामुळे येथे गंज उशिरा धरतो. पण पायाखालच्या मॅटखाली पावसाळ्याचे पाणी मुरत राहिले की आतून पत्रा खातो आणि वरून रंग चकाकत राहतो. त्यातून आमच्या मोटारीला एअरबॅगही नव्हती. चालकासाठी ती सक्तीची झाली १ जुलै २०१९ नंतरच्या मोटारींना.

पहिली अट मोडली होती. निर्णय झालेलाच होता. तो देणाऱ्या घराला सांगणे तेवढे उरले. त्या वृद्ध काकूंकडे आम्ही स्वतः गेलो. पतीच्या स्मरणार्थ दिलेली मोटार भंगारात जाणार, हे कोणत्या शब्दांत सांगावे ते आम्हांला सुचत नव्हते. त्यांनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “गाडी कोणतीही असू द्या नं फादर. रात्री हाक आली तर तुम्ही पोहोचले पाहिजे. आणि धड परतही आले पाहिजे.” आम्ही महिनाभर ज्याचा खल करीत होतो, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले.

कौन्सिलमधील काही मंडळींची इच्छा कोरी मोटार घेण्याची होती आणि त्यासाठी सहा लाखांपर्यंत जमा करण्याची तयारीही होती. आम्ही २०२२ सालची, दोन एअरबॅगची, एकाच मालकाने वापरलेली मोटार सव्वातीन लाखांत घेतली. अर्थात तीही खालून पाहूनच. उरलेल्या रकमेतून पावसाळ्यापूर्वी मुलांच्या वसतिगृहाचे गळके छप्पर नीट झाले. जुनी मोटार अधिकृत केंद्रात दिली, मोडीत निघाल्याचे प्रमाणपत्र घेतले आणि आर.टी.ओ.मध्ये तिची नोंदणी रद्द करवली. हे शेवटचे काम कोणी टाळू नये. नाहीतर आपल्या नावावरची मोटार दुसऱ्याच्या हाती फिरत राहते आणि जबाबदारी आपल्यावर येते.

वाचकहो, आपल्या अंगणातल्या मोटारीविषयी असाच पेच असेल, तर कोणाच्या सल्ल्याआधी तिला एकदा वर उचलून खालून पाहा. तळ मजबूत असेल तर तिला खुशाल आणखी एक वर्ष द्या, खतपाणीही करा. पण वर्ष मोजा. आणि तळ गेला असेल तर ज्यांना तुम्ही तिच्यात बसवता, त्यांच्याकडे पाहून निर्णय घ्या.