विटेखालची कोंबडी

सांगा बघू, वीट कशासाठी वापरतात? 'घर बांधायला' म्हणालात, तर तुम्ही इटलीतल्या इम्प्रुनेटाला गेलेला नाहीत. तिथे विटेखाली चक्क कोंबडी भाजतात!

ऑफिसच्या प्रोजेक्टसाठी मी पाच महिने फ्लॉरेन्समध्ये होतो. मित्रांना वाटायचं, काय ऐश आहे लेकाची! खरं सांगू? वीकेंडला फक्त मी आणि लॅपटॉप. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना 'चाओ' केलं की थेट सोमवारीच तोंड उघडायचं. एकदा रविवारी दुकानदाराला 'ग्रात्सिए' म्हणताना माझाच आवाज मला अनोळखी वाटला. दुसऱ्या दिवशी हे टीममधल्या एका इटालियन मित्राला हसत हसत सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "या रविवारी आईकडे चल."

आई इम्प्रुनेटाची. फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला टेकडीवरचं छोटंसं गाव. आजूबाजूला ऑलिव्हची झाडं, द्राक्षांचे मळे आणि भाजक्या मातीच्या वस्तूंच्या भट्ट्या. ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 या काळात फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलवर जो घुमट उभारला, त्याची लाल कौलं इथलीच. अशा गावात वीट स्वयंपाकघरात शिरली, तर नवल काय!

अंगणात निखारे तयार होते. सिन्योरांनी कोंबडीचा पाठीचा कणा कात्रीने कापून काढला आणि ती पुस्तकासारखी उघडून सपाट केली. वर ऑलिव्ह ऑइल, मीठ, मिरपूड, लसूण, रोजमेरी आणि लिंबू. बस्स! मी मनात म्हटलं, मसाला कुठाय? मग कोंबडी कातडीची बाजू खाली करून जाळीवर ठेवली आणि वर फॉइलमध्ये गुंडाळलेली गरम वीट. हेच ते 'पोल्लो अल मात्तोने'. विटेच्या वजनाने सगळी कातडी जाळीला चिकटते आणि सारखी कुरकुरीत होते.

पाच मिनिटांत माझा हात चिमट्याकडे गेला. सिन्योरांनी तो हलकेच बाजूला केला. "पियानो, पियानो!" म्हणजे सावकाश. वीस मिनिटं त्या कोंबडीला कुणी हात लावला नाही. त्या वेळात मला दोन शेजारी भेटले, घरातल्या सगळ्या लग्नांचे फोटो दाखवून झाले आणि माझं लग्न का झालं नाही याची चौकशीही झाली. अगदी घरच्यासारखं वाटलं!

कोंबडी उलटून पुन्हा पंधरा-वीस मिनिटं. मांडीच्या सांध्यात सुरी खुपसल्यावर रस स्वच्छ आला की झाली. सोबत पांढऱ्या घेवड्याच्या बिया आणि तिथला बिनमिठाचा पाव. (हो, मीठ विसरत नाहीत, तो तसाच असतो!) मी भीतभीत खिशातली लाल तिखटाची पुडी काढली. सिन्योरांनी चिमूटभर भुरभुरवलं, चाखलं आणि डोळे मोठे केले. "दियावोला!" तिखट भाजलेल्या कोंबडीला तिथे सैतानाचं नाव आहे म्हणे.

पुण्यात परतल्यावर गच्चीवर हाच बेत केला. चिकनवाल्याला एवढंच बजावलं, "दादा, स्किन काढू नका." स्वच्छ, कोरडी वीट घेतली, फॉइलचे दोन थर दिले. वास सुटला आणि वरच्या मजल्यावरचा मुलगा डोकावला. तीन वर्षं आम्ही एकाच लिफ्टमध्ये मोबाइलकडे बघत उभे राहायचो. त्याला म्हटलं, "थांब, अजून वीस मिनिटं आहेत."

तो थांबला. त्याचं नाव मला त्या दिवशी कळलं.

तेव्हा या वीकेंडला करून बघाच. वीट एक पुरते. माणसं मात्र चार तरी बोलवा.