पूजेचा पाट

आमच्या मुरुडला शेजारच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात जुन्या ट्रकचे इंजिन पडून होते. टाटांच्या कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली, त्या काळातले हे इंजिन. एका ओळीत सहा सिलिंडर. वडिलांचा ट्रक भंगारात गेला, पण त्यांची आठवण म्हणून इंजिन घरी राहिले. ते पुन्हा चालू करायचे, असे मुलाने मनावर घेतले.

मिस्त्री जुना जाणता. त्याने इंजिन पार खोलले. स्लीव्ह, पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग बदलले. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळले. डिझेल बंद ठेवून आधी इंजिन नुसते फिरवले आणि ऑईलच्या मीटरचा काटा वर आल्यावरच पुढची तयारी केली. मीही रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसत असे. डिझेल पंप मात्र बाहेरून पुसून तसाच बसवला. आत काय आहे ते बघा, असे मलाही सुचले नाही.

खंडेनवमीला अंगणात पाटावर अवजारे मांडली. इंजिनाला हळदकुंकू लागले, नारळ फुटला. सेल मारताच इंजिन धडधडले. पोरांनी टाळ्या पिटल्या. पण आवाज चढतच गेला! मिस्त्री ओरडला, "बंद करायची तार जोडायची राहिली!" असे जुने डिझेल इंजिन चावी काढून थांबत नसते. जमीन हादरू लागली. धाकटा नातू फ्लायव्हीलपासून चार हातांवर उभा होता.

मी पाट ओढला, अवजारे विखुरली. हवा ओढण्याच्या तोंडावर पाट दाबून धरला. इंजिन गुदमरले, थांबले.

"पूजंचा पाट हाय तो, सायेब!" आजी म्हणाल्या. मग त्यांची नजर नातवाकडे गेली आणि त्या गप्प झाल्या.

दुसऱ्या दिवशी पंपाचा गव्हर्नर खोलला. या गव्हर्नरमध्ये चामड्याचा पडदा असतो. इंजिन हवा ओढते, त्या ओढीने पडदा डिझेलला आवर घालतो. आमचा पडदा वाळून फाटला होता, त्यामुळे स्प्रिंगने डिझेल पुरते सोडून दिले होते.

नवा पडदा घातला, तार जोडली, ती दहा वेळा ओढून पाहिली. पोरांना ओसरीवर बसवले आणि मगच सेल मारला. या वेळी इंजिन शहाण्यासारखे चालले.

पाट आता इंजिनाशेजारी खुंटीला टांगलेला असतो. आजींनीच तो तिथे लावला. हवेच्या तोंडावर हात किंवा पोते कधी धरू नये. हात जखमी होतो, पोते आत ओढले जाते. आपल्याकडे मोटर, मळणीयंत्र, ट्रॅक्टर काहीही असो, चालू करण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: हे बंद कसे करायचे?