पूर्ण नाव

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी भेटले म्हणजे आमच्या इतिहासाच्या तासापेक्षा आमच्या हजेरीचीच आठवण अधिक काढतात. आमच्या वर्गात हजेरी क्रमांकाने होत नाही. प्रत्येकाने उभे राहावे आणि स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे, असा नियम आहे. "सर, त्यात अर्धा तास जायचा," असे एका माजी विद्यार्थ्याने अलीकडेच हसत हसत सुनावले. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने एखादी आठवण लिहून मागितली, तेव्हा या नियमाचे मूळ एकदा सांगून टाकावे असे वाटले. ते शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात नाही. 2004 सालच्या उन्हाळी सुट्टीत मुलांना घेऊन आम्ही सह्याद्रीच्या घाटांतून केलेल्या एका प्रवासात ते आहे. आणि ती हकीकत आमच्या गौरवाची नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

आमचा भाग माणदेशाच्या कडेचा. त्या वर्षी दुष्काळाने सर्वांना टेकीस आणले होते. थोरली मुलगी नऊ वर्षांची, धाकटा पाच वर्षांचा. दोघांनाही पाणी म्हणजे टँकरचे, एवढेच ठाऊक. आम्ही नुकतीच एक जुनी मोटार घेतली होती. डोंगर, नद्या, धुके या गोष्टी मुलांनी पुस्तकाबाहेरही पाहाव्यात आणि परतण्यापूर्वी महाडच्या चवदार तळ्यास वंदन करावे, असा तीन दिवसांचा बेत ठरला. फलटण, लोणंद, वाई, पसरणीचा घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर; तेथून आंबेनळी घाटाने पोलादपूर आणि महाड.

निघताना वडिलांनी पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या गाडीत आणून ठेवला. तो तांब्या आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. बाजाराला, लग्नाला, दवाखान्याला, कोठेही जायचे झाले तरी तो त्यांच्याबरोबर असे. गाडीत जागा कमी होती. "आता वाटेत सगळीकडे पाणी मिळतं," असे म्हणून आम्ही तो हसून परत ओट्यावर ठेवला. वडील काही बोलले नाहीत.

मुलांचा पहिला घाट म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सांगावयास नको. पसरणीच्या दुसऱ्याच वळणावर धाकट्याला मळमळू लागले. लिंबू हुंगवून झाले, आवळासुपारी झाली, अखेर जे व्हायचे ते मागच्या सीटवर झाले. बाटल्यांतले पाणी त्याचे तोंड आणि सीट धुण्यातच संपले. तोवर इंजिनही तापले. चढण संपत आली असता बॉनेटमधून वाफ निघू लागली आणि आम्ही रस्त्याकडेच्या एका कौलारू घरापाशी गाडी उभी केली.

अंगणात एक वृद्ध बाई धान्य निवडीत बसली होती. आमच्या आधी मुलेच तिच्याकडे धावली. "पोरं तान्हेली दिसत्यात," म्हणत तिने आतून तांब्या-भांडे आणले. मुले घटाघटा प्याली. मागोमाग आम्ही गाडीसाठी पाणी मागितले. तिने पाण्याचा एक भरलेला कॅन दिला आणि "वर जाताना संगट ठेवा, परतताना द्या," असेही म्हणाली. मग, खेड्यात सर्वच विचारतात त्याप्रमाणे, तिने विचारले, "आडनाव काय पाव्हणं तुमचं?"

आम्ही म्हणालो, "आम्ही तिकडं माणदेशाकडचे. मास्तर आहे मी शाळेत."

ती "बरं, बरं" म्हणाली आणि पुन्हा सुपाकडे वळली. आमचे पाणी पिणे तेवढे राहिले होते, तेही झाले.

दर वर्षी 14 एप्रिलला व्यासपीठावरून स्वाभिमानावर बोलणारे, इतिहासात एम.ए. झालेले आम्ही. आम्हांस कोणी धमकावले नव्हते, कोणी हिणवले नव्हते. तरीही हातात भरलेले भांडे असताना आडनाव ओठांवर आले नाही. त्याऐवजी गाव आले, नोकरी आली. हे इतके सहज घडले की आम्हांस स्वतःस ते कळलेही नसते. परंतु पाचगणी मागे पडताच मागच्या सीटवरून प्रश्न आला, "पप्पा, आजीनं आडनाव विचारलं होतं ना? मग तुम्ही गावाचं नाव का सांगितलं?"

"नंतर सांगतो," एवढेच आम्ही म्हणालो. सहचारिणींनी खिडकीबाहेर पाहिले.

या विषयावर आम्हां उभयतांत मतभेद होता. जातीविषयी मुलांशी केव्हा बोलावे? बाबासाहेबांची जयंती मुले साजरी करीतच होती, त्रिशरण-पंचशील त्यांना पाठ होते; पण अस्पृश्यता म्हणजे नेमके काय, हे आम्ही त्यांना सांगितले नव्हते. सहावी-सातवीत पाठ्यपुस्तकातून कळेल तेव्हा समजावू, असे आमचे म्हणणे. पुस्तकाआधी कोणीतरी दुसरेच सांगून बसेल, असे सहचारिणींचे म्हणणे. नऊ वर्षांच्या मुलीचे निर्धास्त मन आणखी थोडे दिवस निर्धास्त राहावे, यासाठी आम्ही टाळत होतो. निदान तसे आम्ही स्वतःस सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाबळेश्वरी आर्थर सीटवर उभे राहिलो. खाली सावित्रीचे प्रचंड खोरे आणि त्यापलीकडे धुरकट कोकण. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री अशा पाच नद्यांचे उगम या एकाच पठारावर सांगितले जातात. सुमारे 1,370 मीटर उंचीवर पडलेला पाऊस थोड्याशा अंतराने दोन समुद्रांकडे जातो. कृष्णा पूर्वेस बंगालच्या उपसागराकडे, सावित्री पश्चिमेस बाणकोटच्या खाडीकडे. टँकरच्या रांगेत घागर धरून उभ्या राहणाऱ्या मुलीला हे खरे वाटेना.

"सावित्रीचं पाणी कुठं जातं?"

"पोलादपूर, महाड. आपण जाणार आहोत तिथंच."

"मग महाडला पाणी खूपच असेल."

"खूप," आम्ही म्हणालो.

वाटेत मक्याची कणसे खाऊन, डाव्या-उजव्या दऱ्या मोजत आंबेनळी घाट उतरलो. या घाटाचे सौंदर्य वर्णावे तेवढे थोडे. प्रतापगडाचा फाटा मागे पडतो, वळणावळणाला हवा दाट होत जाते, आंबे-फणस दिसू लागतात, आणि थंडीने घातलेले स्वेटर मुले एकेक करून काढू लागतात. धाकटा त्या दिवशी न मळमळता प्रत्येक वळणाला ओरडत होता. पोलादपूर सोडले आणि महाडला पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते.

चवदार तळ्याच्या परिसरात बाबासाहेबांच्या पुतळ्यास वंदन केले आणि पायऱ्यांवर बसलो. आम्ही घसा साफ करून सुरुवात केली. 1923 साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, 1924 साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला, परंतु ते कागदावरच राहिले... सहचारिणींनी हळूच अडविले. "अहो, इतिहास नंतर. आधी तिला कालचं उत्तर द्या."

मग आम्ही उत्तर दिले. आडनावावरून जात ओळखतात, हे सांगितले. आपल्या आजोबांच्या लहानपणी जात कळली की लोक वरून ओंजळीत पाणी ओतत, किंवा देतच नसत, हे सांगितले. आजोबांच्या फिरकीच्या तांब्याचा अर्थ सांगितला. कोणाकडे मागण्याची वेळ येऊ नये म्हणून तो होता. आणि शेवटी सांगितले, की काल आम्हांला भीती वाटली.

"पण आजीनं पाणी आधीच दिलं होतं," ती म्हणाली.

या वाक्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हा आम्ही तिला दुसऱ्या एका प्रवासाची गोष्ट सांगितली. 1901 साल. याच सातारा जिल्ह्यात नऊ वर्षांचा भीम आपला भाऊ आणि भाचे यांच्याबरोबर वडिलांना भेटण्यासाठी रेल्वेने मसूर स्थानकावर उतरला. न्यावयास कोणी आले नव्हते. जात कळताच गाडीवाले मिळेनात; दुप्पट भाडे देऊन, बैलगाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर एक गाडी मिळाली. सोबत जेवण होते, पाणी नव्हते. रात्री एका जकातनाक्यावर भीमाने नाकेदारास पाणी मागितले. त्याने कोण म्हणून विचारले, तेव्हा गाडीवानाच्या सल्ल्याप्रमाणे भीमाने आपण मुसलमान असल्याचे उर्दूत सांगितले. तरीही पाणी मिळाले नाही. मुले तहानलेली आणि उपाशी झोपली.

"बाबासाहेबसुद्धा खोटं बोलले?" मुलीने डोळे मोठे करून विचारले.

"नऊ वर्षांच्या तहानलेल्या मुलाला तसं बोलावं लागलं. पण मोठेपणी त्यांनीच ते स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं."

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आत्मकथनपर लेखनातील हा प्रसंग आम्ही पूर्वी अनेकदा वाचला होता. त्या संध्याकाळी तो प्रथमच समजला. ज्या मुलास तहानेपायी आपली ओळख लपवावी लागली, त्यानेच 20 मार्च 1927 रोजी हजारोंना घेऊन या तळ्यावर येऊन सर्वांसमक्ष ओंजळभर पाणी प्राशन केले. त्यानंतर तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, दावे झाले, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यावयास 1937 चा मार्च उजाडला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये विहिरी, तळी, स्नानघाट यांच्याबरोबर रस्त्यांचाही उल्लेख आला. आमची मोटार ज्या रस्त्याने आली, तोही त्यात आहे.

मुलगी बराच वेळ पाण्याकडे पाहत होती. "डोंगरावरून एवढं पाणी येतंय. तरी देत नव्हते," एवढेच ती म्हणाली. धाकटा तोवर आईच्या मांडीवर झोपला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी महाडलगतची गांधारपाले येथील बौद्ध लेणी पाहिली. पायऱ्या चढताना मुलांनी शर्यत लावली. तेथील एका शिलालेखात लेण्याच्या दानाबरोबर पाण्याच्या पोढींच्या दानाचाही उल्लेख आहे. सह्याद्रीतील लेण्यांमध्ये असे लेख ठिकठिकाणी आढळतात. खडकात टाके खोदून देणे हे त्या काळी पुण्यकर्म होते, आणि देणारा स्वतःचे नाव दगडात कोरून ठेवी. डोंगरवाटेने येणाऱ्या वाटसरूची तहान भागविणाऱ्यांचा वारसा आपला आहे, हे आम्ही मुलांना सांगितले. मुलगी म्हणाली, "त्यांनी पूर्ण नाव लिहिलंय." हे तिने आम्हांस टोमणा म्हणून म्हटले नव्हते, आम्हांस मात्र तो लागला.

परतीच्या चढणीवर इंजिन पुन्हा तापले. म्हातारीच्या कॅनमधले पाणी तेथे कामी आले. महाबळेश्वरी तो पुन्हा भरून घेतला आणि दुपारी तिच्या अंगणात गाडी उभी केली. आता आपण बोलायचे, असे वाटेत मनाशी ठरविले होते. परंतु कॅन घेऊन मुलगीच पुढे गेली.

"आजी, परवा तुम्ही आमचं आडनाव विचारलं होतं," असे म्हणून तिने आपले पूर्ण नाव सांगितले, आणि न विचारता पुढे म्हणाली, "आम्ही बौद्ध आहोत. चवदार तळ्याला जाऊन आलो."

क्षणभर म्हातारीचा हात कॅनच्या मुठीवर तसाच राहिला. उंबरठ्यात उभी असलेली तिची सून काही न बोलता आत गेली. कामासाठी गेली की आणखी कशासाठी, हे आम्हांस आजही सांगता येणार नाही. मग म्हातारी म्हणाली, "नाव झ्याक सांगतीस गं. बसा. फुडं लई ऊन हाय, पानी पिऊन जावा."

पाणी आले. तोच तांब्या, तेच भांडे. आम्ही हे निरखून पाहिले, हे येथे कबूल केले पाहिजे. मुलीने मात्र पाहिले नाही. ती नुसती पाणी प्याली.

एका अंगणात तांब्याभर पाणी मिळाले म्हणून समाज बदलला, असा निष्कर्ष इतिहासाच्या विद्यार्थ्याने काढू नये, आणि आम्हीही काढीत नाही. त्यानंतरच्या वर्षांत आपल्याच विद्यार्थ्यांना भाड्याची खोली आडनाव ऐकून नाकारली गेल्याच्या हकीकती आम्ही ऐकल्या आहेत. ती सून आत का गेली, याचा विचार आजही मनातून जात नाही. परंतु समोरच्याने काय करावे हे आपल्या हाती नसते. आपण कोण हे सांगणे मात्र आपल्या हाती असते, आणि त्या दिवशी ते आमच्याऐवजी एका नऊ वर्षांच्या मुलीने केले.

घरी पोहोचल्यावर वडिलांना सर्व सांगितले. ते ऐकून घेत राहिले. मग नातीला जवळ बोलावून म्हणाले, "मला पण सांग बघू तुझं पूर्ण नाव." तिने सांगितले. त्यांनी तिला ते पुन्हा एकदा सांगावयास लावले.

जून महिन्यात शाळा सुरू झाली आणि आम्ही हजेरीचा नियम बदलला. वसतिगृहात नव्याने आलेली मुले पहिल्या आठवड्यात आडनाव पुटपुटतात. काही जण ते गाळूनच टाकतात. आम्ही रागावत नाही. पुन्हा सांगावयास सांगतो. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचू लागतो.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमचा तो अर्धा तास आम्ही का घेत होतो, हे आता तुम्हांस कळले असेल. पालकांना एवढीच विनंती, की सुट्टीत मुलांना घेऊन त्या घाटाने एकदा महाडला जावे, आणि त्यांनी वाटेत काही विचारले, तर 'नंतर सांगतो' असे म्हणू नये.

शाळेच्या पुढील वाटचालीस मंगल कामना. नमो बुद्धाय! जय भीम!