चार बाइटांची माया

"मराठी विभागात तीन पाने रिकामी राहताहेत, काहीतरी द्या," असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो. कन्नड विभागाकडे लेख जास्त आणि आपल्याकडे पाने जास्त, हे दरवर्षीचेच. कवितेच्या वाटेला मी कधी गेलो नाही. प्रवासवर्णन लिहावे तर माझा प्रवास रोज हुबळी ते धारवाड आणि परत, एवढाच. तेव्हा गेल्या वर्षी ज्या गोष्टीने माझी झोप उडवली, तीच सांगतो. गोष्ट संगणकाच्या पोटातली आहे, पण वाचकहो, घाबरून पान उलटू नका. तिच्यात मिरच्या आहेत, शाळेची पँट आहे आणि माझा एक अपराधही आहे.

आमचे घर नामदेव शिंप्यांचे. हुबळीत मराठी बोलणारी अशी शिंप्यांची घरे पुष्कळ. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि गिऱ्हाईक उधारीची गोष्ट काढू लागले की अप्पांची हिंदी. अप्पा माझी शाळेची पँट शिवायचे तेव्हा खालच्या दुमडीत तीन बोटे कापड जास्त ठेवायचे आणि कंबरेला मागच्या शिवणीत दीड इंच. या जास्तीच्या कापडाला आमच्या धंद्यात 'माया' म्हणतात. जूनमध्ये शिवलेली पँट पुढच्या जूनला आखूड झाली की दुमड उसवायची आणि इस्त्री फिरवायची. खाली गडद निळ्या रंगाची एक पट्टी मात्र दिसायची. वर्गातली मुले त्या पट्ट्या मोजून माझ्या पँटीचे वय सांगत. मला त्याची फार लाज वाटे.

आता संगणकाकडे वळतो. साधा कॅमेरा घ्या. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे चित्र, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे एक चित्र ६,१४,४०० बाइटांचे. सेकंदाला अशी तीस चित्रे, म्हणजे १ कोटी ८४ लाख ३२ हजार बाइट. ही रास एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत बसलो तर संगणकाचा वेळ ओतण्यातच जाईल. म्हणून खानावळीच्या डब्यांची युक्ती करतात. चार-सहा डबे आधीच ठरवून ठेवायचे. रिकामा डबा रांगेत लावायचा, कॅमेऱ्याचा ड्रायव्हर तो भरतो, आपला प्रोग्रॅम भरलेला डबा घेतो, चित्र पाहतो आणि डबा पुन्हा रांगेत लावतो. या डब्यांना बफर म्हणतात. ड्रायव्हर राहतो कर्नेलच्या आत, म्हणजे स्वयंपाकघरात, आणि प्रोग्रॅम बाहेर पंगतीत. दोघांमध्ये फक्त एक चिठ्ठी फिरते: कितवा डबा, कुठे ठेवला, किती भरला, केव्हा भरला. या चिठ्ठीत कोणते रकाने असावेत ते ठरवणे, हेच इंटरफेस रचणे.

ऐकायला हे काम कारकुनी वाटते. मलाही तसेच वाटले होते.

लिनक्समध्ये कॅमेऱ्यांसाठी अशी एक चिठ्ठी तयारच आहे. 'व्हिडिओ फॉर लिनक्स'ची ही दुसरी आवृत्ती २००२ साली कर्नेलमध्ये आली. तिचे वर्णन म्हणजे एक ग्रंथच आहे आणि तो वाचायचा मला कंटाळा आला. आमच्या प्रकल्पातला कॅमेराही बाजारातला नव्हता, एका बोर्डावर आम्हीच जोडलेला होता. तेव्हा मी स्वतःचा ड्रायव्हर लिहिला आणि स्वतःची चिठ्ठी केली. चार रकाने: क्रमांक, जागा, लांबी, वेळ. सुटसुटीत! शिंप्याच्या पोराने माया न सोडता शिवलेले हे पहिलेच कापड असावे.

त्या कॅमेऱ्यावर आमच्यापेक्षा एक वर्ष मागची एक मुलगी काम करीत होती. तिला विचारलेले नाही, म्हणून नाव देत नाही. ती ब्याडगीकडची, घरी मिरचीची शेती. ब्याडगीची मिरची तिखटापेक्षा रंगासाठी नावाजलेली. सालावर सुरकुत्या आणि रंग गडद लाल. तिला चित्रावरून चांगली मिरची आणि काळी पडलेली मिरची वेगळी करायची होती. घरून पिशवीभर मिरच्या आणून ती ट्यूबलाइटखाली एकेक मांडायची. सगळ्या प्रयोगशाळेला शिंका. प्रोग्रॅम तिने एकटीने लिहिला, माझ्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ट्यूबलाइटमुळे चित्र लुकलुकताना मला दिसले. एक्सपोजर किती ते कळले तर बरे, असे वाटले आणि मी चिठ्ठीत पाचवा रकाना घातला. तोही शेवटी नाही. 'लांबी'च्या शेजारी शोभून दिसतो म्हणून मध्येच. ड्रायव्हर पुन्हा चढवला, माझा प्रोग्रॅम चालवून पाहिला, चित्र छान आले. घरी जाऊन जेवलो आणि झोपलो. तिचा प्रोग्रॅम जुन्या चिठ्ठीवर बांधलेला आहे हे माझ्या ध्यानातही आले नाही.

सकाळी परीक्षकांसमोर तिच्या प्रोग्रॅमने पहिली मिरची खराब ठरवली. दुसरी खराब. तिसरी, लालभडक, तीही खराब. पिशवीतल्या साऱ्या मिरच्या खराब. परीक्षकांपैकी एकजण गंमतीने म्हणाले, "का हो, यंदा ब्याडगीत सगळ्याच काळ्या पिकल्या काय?" ती हसली नाही.

झाले होते असे. तिने चिठ्ठीपुरती जागा राखली होती आणि लगेच शेजारी एक आकडा ठेवला होता, किती उजेडाच्या खाली मिरची काळी समजायची त्याचा. माझी नवी चिठ्ठी चार बाइटांनी लांब झाली होती. ड्रायव्हरने ती तिच्या जागेत कोंबली आणि शेवटचा भाग त्या आकड्यावर सांडला. आकडा एकदम प्रचंड झाला, आणि त्याच्यापुढे कोणतीही मिरची उजळ ठरेना. चित्र मात्र पडद्यावर ठीक दिसत होते, म्हणून कोणालाच संशय आला नाही.

मला आला. बसमध्ये, नवलूर मागे पडता पडता. पण दुसऱ्या दिवशी मी काही बोललो नाही. ती सकाळपासून स्वतःचा प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासत बसली होती. मला पाहून म्हणाली, "अण्णा, नंदे तप्पिरबेकु." माझीच चूक असणार. मी "बघ, बघ" म्हणालो आणि चहाला गेलो. तिसऱ्या दिवशीही ती तिथेच. वहीत तिने संशयाची ठिकाणे लिहून काढली होती, सतरा. सतराही तिच्याच प्रोग्रॅममधली. ती वही पाहिल्यावर मात्र माझ्याने राहवले नाही आणि मी सांगून टाकले.

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने वहीतल्या सतराही ओळींवर काट मारली आणि कन्नडमध्ये एवढेच म्हणाली, "निदान सांगायचं तरी होतंत." मी तिच्या मार्गदर्शकांकडेही गेलो. गुण वर पाठवून झाले होते. तो आकडा बदलला नाही.

त्या सुट्टीत मी तो टाळलेला ग्रंथ वाचला. वाचता वाचता एकीकडे कौतुक वाटत होते आणि दुसरीकडे तोंड लपवावेसे वाटत होते. कर्नेलच्या आत हवे ते उलथेपालथे करा, पण बाहेर चालणारा प्रोग्रॅम मोडता कामा नये, हा लायनस टोरवाल्ड्स यांचा पहिल्यापासूनचा हट्ट. दुसरी आवृत्ती २००२ साली आली तरी पहिली लगेच हाकलली नाही. ती २०११ साली निघाली. नऊ वर्षे दोघी एका घरात नांदल्या!

त्या चिठ्ठीतही राखीव रकाने आहेत. अप्पांची माया, दुसरे काय? एका राखीव रकान्याचा उपयोग २०१८ साली झाला. प्रत्येक चित्राबरोबर वेगळ्या सूचना जोडण्याची सोय करायची होती, तेव्हा तो उसवला, आणि चिठ्ठीची लांबी एका बाइटानेही वाढली नाही. फोनमधल्या चिपांना चित्राचा उजेड एका जागी आणि रंग दुसऱ्या जागी ठेवायची गरज पडली, तेव्हा २०११ मध्ये बहुकप्पी डबा आला. तिथे 'लांबी'च्याच रकान्यात कप्प्यांची संख्या लिहायची असे ठरले. हे मला फारसे आवडले नाही. बाही उसवून खिसा करण्यातला तो प्रकार. पण जुने कपडे मात्र फाटले नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. प्रोग्रॅम ड्रायव्हरच्या दारावर एका क्रमांकाने टकटक करतो आणि त्या क्रमांकातच चिठ्ठीची लांबी गुंफलेली असते. ६४ बिटांच्या यंत्रावर ही चिठ्ठी ८८ बाइटांची, नेहमीच्या ३२ बिटांच्या यंत्रावर ६८. लांबी बदलली की क्रमांक बदलतो आणि जुन्या क्रमांकाची टकटक वेगळी ओळखू येते. ३२ बिटांत सेकंद मोजणारी घड्याळे २०३८ साली अडकणार, म्हणून चिठ्ठीतला वेळेचा रकाना रुंद करावा लागला. कर्नेलमध्ये हे काम २०२० साली पोहोचले, तेव्हा जुना कोण आणि नवा कोण हे याच खुणेवरून ओळखता आले. मी मात्र ती खूण वापरली नव्हती. माझे क्रमांक नुसते १, २, ३. खूण असती तर त्या सकाळी ड्रायव्हरने तिची चिठ्ठी स्वच्छ नाकारली असती, आम्ही पाच मिनिटांत प्रोग्रॅम पुन्हा बांधला असता आणि मिरच्या लाल राहिल्या असत्या.

हे सगळे मी एका रात्री अप्पांना सांगितले. ते काज करीत होते. त्यांना बफर कळला नाही, पण माया लगेच कळली. म्हणाले, "सगळीकडं सोडून चालत नाही रे. दुमडीत सोड, बाजूला सोड. मुंढ्यात जास्त सोडलास तर हात वर होणार नाही. आणि गिऱ्हाईकाला सांगून ठेव, आतलं कापड कापू नको म्हणून. नीटनेटकं दिसावं म्हणून कापून आणतात, मग मी काय उसवू?"

गिऱ्हाईक माया कापून आणते याचा दाखलाही ग्रंथात होता. चित्राच्या स्वरूपाची जी चिठ्ठी आहे तिच्यात एक रकाना राखून होता, पण तो शून्य ठेवा अशी सक्ती कोणी केली नव्हती, आणि जुने प्रोग्रॅम त्यात कचरा ठेवून देत. पुढे तिथे शिवण वाढवायची वेळ आली तेव्हा कचरा कोणता आणि खरे काय हे कळेना. शेवटी एक संकेतांक ठरवला. तो रकान्यात असेल तरच पुढचे रकाने खरे मानायचे. षोडशमान पद्धतीत ए ते एफ ही अक्षरेही अंक असतात, त्यांतून जुळवलेला तो संकेतांक वाचला तर 'फीडकॅफे' होतो. कर्नेल लिहिणाऱ्यांना भूक लागली असावी. आता बफरच्या मूळ चिठ्ठीत चार बाइटांचा एकच राखीव रकाना उरला आहे. नवी ऐसपैस चिठ्ठी करावी असे प्रस्ताव २०२० च्या सुमारास मांडले गेले. ते वाचताना मला आठवीतली पँट आठवली. तिच्यात उसवायला काही उरले नव्हते आणि अप्पांनी मुकाट्याने नवे कापड फाडले होते.

आणि ज्याच्यासाठी मी हा सारा घोळ घातला, ते एक्सपोजर? ते या चिठ्ठीत घालतच नाहीत. उजेड, रंग, एक्सपोजर यांच्या किल्ल्या फिरवायला तिथे वेगळी खिडकीच आहे. म्हणजे माया सोडली असती तरी मी ती भलत्याच कामाला उसवली असती.

सुट्टी संपल्यावर ड्रायव्हर त्या ग्रंथाबरहुकूम पुन्हा लिहिला. तिला आपला प्रोग्रॅम एकदा बदलावा लागला. तीन संध्याकाळी आम्ही शेजारी बसून ते केले. नंतर मी ड्रायव्हरमध्ये दोनदा भर घातली. दोन्ही वेळा आधी तिला सांगितले, आणि दोन्ही वेळा तिने काही न बदलता आपला प्रोग्रॅम चालवला. शंभर मिरच्या मोजून मांडल्या होत्या. अकरा काळ्या निघाल्या. तिने त्या अकरा एकेक करून उजेडात धरून पाहिल्या.

"दहा," ती म्हणाली. "ही एक चांगली आहे. ही चूक माझी."

उरलेल्या मिरच्यांची पिशवी तिने मलाच देऊन टाकली. आईने त्या देठे काढून कुटल्या. घरी रोजच्या आमटीला सध्या तेच तिखट चालू आहे.