टाकी

कोणी ओरडलं नाही, ही तक्रार कशी असू शकते? पण अ‍ॅमस्टरडॅमच्या फॅब लॅबचा, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या यंत्रशाळेचा, विषय निघाला की मला आधी हेच आठवतं. कुणाच्या हातून एमडीएफचा अख्खा तक्ता वाया गेला, तर शेजारचा माणूस चहाचा मग हातात घेऊन यायचा आणि विचारायचा, यातून काय कळलं? मग म्हणायचा, लिहून ठेव. लिहून ठेवणं हा तिथला धर्म होता. लेझर कटरखाली पीव्हीसी घालायला सक्त मनाई होती, कारण ते जळताना क्लोरीनयुक्त विषारी वायू सुटतो. पण ती मनाईसुद्धा भिंतीवर एका कागदावर लिहिलेली होती, तीही सौम्य भाषेत. डिझाइनच्या शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप म्हणून मी तिथे होते. शाळकरी मुलं, निवृत्त इंजिनिअर, बेकार चित्रकार असे सगळे त्याच यंत्रांपाशी रांगेत उभे असत आणि कोणी कोणाचा साहेब नव्हता.

लॅबची इमारत मात्र साहेबांचीच होती. न्यूमार्क्ट चौकातली ‘द वाग’. पंधराव्या शतकात ती शहराच्या तटाचा दरवाजा होती. पुढे तट गेला आणि १६१७ पासून तिथे मालाचं वजन करायचा काटा आला. वरच्या मजल्यावर गिल्डांच्या, म्हणजे एकेका धंद्याच्या संघांच्या, खोल्या होत्या. लोहार, चितारी, गवंडी, शस्त्रवैद्य, प्रत्येकाचा दरवाजासुद्धा वेगळा. गवंड्यांच्या खोलीत उस्ताद व्हायला निघालेल्या कारागिरांनी परीक्षा म्हणून रचलेलं विटांचं नक्षीकाम आजही भिंतीत आहे. त्या विटांसमोर मी पुष्कळदा उभी राहायचे. पास झालेल्यांचं काम भिंतीत राहिलं. नापास झालेल्यांनी काय रचलं असेल, ते कुठे गेलं असेल?

शस्त्रवैद्यांच्या गिल्डसाठी रेम्ब्राँनं १६३२ साली डॉक्टर टुल्प यांचा शरीररचनेचा धडा रंगवला. चित्र आता हेगच्या मॉरिट्सहाउसमध्ये आहे. डॉक्टरांनी एका हातानं प्रेताच्या कोपराखालचे स्नायू चिमट्यात उचलून धरलेत. दुसऱ्या हाताची बोटं किंचित मिटलेली, बहुधा हे स्नायू बोटं कशी वाकवतात ते दाखवायला. म्हणजे धडा आहे तो हाताचा. शिकणारे पुढे वाकून बघताहेत, आणि ज्याच्या हातावर ते शिकताहेत तो चोरीपायी फासावर गेलेला माणूस आहे.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातली. वडिलांचं पॅटर्नचं वर्कशॉप. फौंड्रीत बीड ओतायचं तर आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून साचा करायचा आणि साच्यात रस ओतायचा. गंमत अशी की बीड थंड होताना मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटर आकसतं, अ‍ॅल्युमिनियम त्याहून थोडं जास्त, आणि पोलाद वीसच्या आसपास. म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच निराळी असते. तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर मुळातच जरासा मोठा. नव्या पोरानं चुकून साधी पट्टी उचलली, की मिस्त्री तीच पट्टी काढून घेऊन त्याच्या बोटांवर मारायचे. ‘डोळं हायत का बटनं?’ पोरगं हात झटकायचं, पण पुन्हा ती पट्टी उचलायचं नाही.

अ‍ॅमस्टरडॅमला पहिला सराव होता खाचेत खाच अडकवायचा, ना खिळा ना डिंक. लेझरची रेघ स्वतःच लाकूड खाते, मिलिमीटरचा दहावा किंवा पाचवा हिस्सा. तेवढी सूट धरली नाही तर सांधा लटपटतो. मग आधी एक फणी कापायची, तिचा प्रत्येक दात थोडा थोडा वेगळा, आणि कुठला घट्ट बसतो ते हातानं बघायचं. धडा तोच, की आखलं तेवढंच हाती येत नाही. इथे तो फणीनं शिकवला, तिथे बोटांवर मारून. दोन्हींपैकी कुठला खोलवर गेला, हे मला विचारू नका. मी मार खाणाऱ्यांतली नव्हते. मालकाची मुलगी होते.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं मिस्त्री म्हणायचे. आमच्याकडे शाळेपासून लग्नापर्यंत सगळीकडे ही म्हण लागू पडते. ती म्हणतं कोण, हे बघितलं तर नेहमी हातोडा ज्याच्या हातात आहे तो. दगड म्हणत नाही. शिवाय एका मूर्तीसाठी किती कपच्या उडतात आणि किती दगड मध्येच भेगाळून बाजूला पडतात, त्याचा म्हणीत उल्लेख नाही. उरलेल्या दगडाकडे बोट दाखवून घाव चांगले होते असं ठरवायचं, तर ती साक्ष जरा एकतर्फीच झाली. आमच्या वर्कशॉपमधून पळून गेलेली पोरं होती. दुसऱ्या दिवशी त्यांची जागा भरलेली असायची. त्यांना कामात गती नव्हती, असं सगळे म्हणायचे, मीही म्हणायचे.

पण टाकीचं दुसरंही एक काम आहे, आणि ते म्हणीत आलेलं नाही. माझ्या लहानपणी वडार बायका गल्लीतून ओरडत जायच्या, जात्याला टाकी लावायची का, पाट्याला टाकी लावायची का. दळून दळून जात्याची तळी गुळगुळीत होते. मग ते फिरतं खरं, पण दाणा नुसता चेंगरतो, पीठ पडत नाही. ती बाई उन्हात बसून ठकठक करत तळीभर बारीक खड्डे पाडायची. आजी तिला पसाभर ज्वारी आणि वर चहा द्यायची, आणि ती गेल्यावर पहिलं दळण वेगळं काढायची, कचकच येते म्हणून. त्या घावांनी जात्याला देवपण येत नव्हतं. ते खडबडीत व्हायचं, म्हणजे पुन्हा कामाचं. आणि काही महिन्यांनी परत टाकी. मूर्तीला मात्र एकदा देवपण आलं की पुन्हा टाकी लावत नाहीत. ती भंगली तर पाण्यात सोडतात. मग मिस्त्री पोरांना घडवत होते ते मूर्तीसारखं की जात्यासारखं? आणि मी त्या शांत, नीटनेटक्या लॅबमध्ये गुळगुळीत होत चालले होते का? हे वाक्य लिहिताना बरं वाटलं, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास नाही.

त्याच लॅबमध्ये एकानं मला पाबळबद्दल विचारलं. परदेशात जाऊन घरचं कळणं ही गोष्ट इतकी वापरून झालीय की सांगायची लाज वाटते, पण झालं तसंच. एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या कल्पनेतून या लॅब निघाल्या, आणि अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या काही लॅबपैकी एक २००२ साली आली ती पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, विज्ञान आश्रमात. तो आश्रम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला होता. शाळेत न रमलेल्या मुलांनी हातानं काम करत शिकायचं, आणि शिकताना गावाची कामं पैसे घेऊन करून द्यायची. पैसे घेऊन, हे मला महत्त्वाचं वाटतं. फाटक नीट लागलं नाही तर गाववाला बोलणारच. तिथे मिस्त्रीची पट्टी नसली तरी गिऱ्हाइकाचं तोंड असणार. अ‍ॅमस्टरडॅमला आम्ही काप-काप कापत होतो, आणि त्यातलं बरंचसं कुणालाच नको होतं. कोणी ओरडलं नाही याचं कारण तिथला चांगुलपणा, की कोणाचं काही अडलं नव्हतं हे? चांगुलपणा होता, हे मी शपथेवर सांगेन. बाकीचं सांगता येत नाही.

आता वडिलांच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी राउटर आलाय. आकसण्याचा हिशोब सॉफ्टवेअर करतं. मिस्त्री नाहीत. पट्टी कोणी मारत नाही आणि पोरं तरीही टिकत नाहीत, असं वडील म्हणतात. त्यात थोडी सुटका आहे की थोडी खंत, ते त्यांच्या आवाजावरून कळत नाही.

ओरडा न खाता एखादं हातकाम पक्कं शिकलेलं कोणी तुमच्या ओळखीचं असेल, तर मला त्यांना भेटायचं आहे. आणि ओरडा खाऊन ते काम कायमचं सोडून गेलेलं कोणी असेल, तर त्यांना आधी.