फळ न देणारे झाड

गगनबावड्याकडे कोकमाचे कलम मागायला आलेला माणूस आधी एकच विचारतो, ‘मादीचंच आहे ना?’ त्याचे बरोबर आहे. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी रुजवले तर पाच-सात वर्षे वाट पाहायची आणि फुलोरा आला की कळायचे, निम्मी झाडे नर निघाली. म्हणूनच आम्ही मादीची काडी खुंटावर बांधतो. काडी मात्र सरळ वर जाणाऱ्या शेंड्याचीच घ्यायची. आडव्या फांदीची घेतली, तर झाड आयुष्यभर जमिनीलगत पसरत राहते.

पण नुसत्या माद्यांची बाग फुलते, धरत नाही. दहा माद्यांमागे एक नर हवाच. सहा मीटरवर लागवड केली तर हेक्टरी 277 झाडे बसतात, त्यात पंचवीस-सत्तावीस नर. एवढी जागा ‘फुकट’ घालवायला मन तयार होत नाही, हे मी समजू शकतो. हिमाचलातले सफरचंदवाले मात्र रॉयल डेलिशियसच्या बागेत मुद्दाम रानसफरचंदाची झाडे लावतात. त्यांच्या फळाला बाजार नाही, त्यांचा परागच हवा असतो.

नर कसा निवडायचा, यावर कोणी फारसे बोलत नाही. मी पाहतो ते त्याचे वेळापत्रक. आमच्याकडे पाऊस कोसळू लागला की झाडावरचे पिकले फळ हाती लागत नाही, सडते. म्हणून घाटमाथ्यावर मेमध्ये उरकणारी मादी हवी आणि लवकर पिकणारी मादी लवकर फुलते. नर तिच्याआधी दोन-चार दिवस उमलायला लागावा आणि तिचे शेवटचे फूल मिटेपर्यंत फुलत राहावा. उशिरा फुलणारा नर कितीही डेरेदार असला, तरी अशा बागेत त्याचा उपयोग नाही.

ओळख सोपी आहे. नराची फुले घोसाने येतात, मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा गच्च गोळा. मादीच्या फुलात इवलासा हिरवा गोळा असतो, पुढे त्याचाच रातांबा होतो.

बांधावरचे नर झाड ‘वांझ’ म्हणून तोडायला निघाला असाल, तर एक हिवाळा थांबा. नोव्हेंबरपासून दर आठवड्याला त्याची फुले पाहा, तारखा लिहून ठेवा, शेजारच्या मादीच्या तारखांशी जुळवा. जुळल्या तर कुऱ्हाड लावू नका, त्याच्या काड्या घ्या.